त्यांच्या पश्चात

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या बसस्टँडवरून बाजाराकडे निघालं की डाव्या हाताला एक रसवंती लागते, तिच्या पुढे खताचं दुकान आणि त्याला खेटून सुनंदाचं दुकान. पाटीवर ‘अक्षर कंप्युटर’ असं लिहिलेलं आहे, पण त्या नावानं कोणी विचारत नाही. ‘बॅनरवाली ताई’ म्हटलं की कोणीही बरोबर आणून सोडतं. पुढच्या खोलीत कंप्युटर, प्रिंटर आणि गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या. मागच्या खोलीत गॅस, खाट, कपाट आणि खिडकीत कढीपत्त्याची कुंडी. एवढंच तिचं घर.

वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं सडपातळ, डोळ्यांना चष्मा, बोलणं मोजकं. गावात लग्न असो, नेत्याचा वाढदिवस असो, जामसांवलीच्या हनुमानाला पायी जाणाऱ्यांसाठी फराळाचा मंडप असो की संत्र्याच्या कलमांची जाहिरात, मजकूर तिच्याच हातून जायचा. लोक अर्धवट सांगायचे, ती पुरं करायची. ‘तुमाले तं माहीतच आहे ताई, कसं लिहितात ते,’ असं म्हणून माणूस चहा प्यायला जायचा आणि परत येईपर्यंत त्याच्या घरच्या लग्नाचं आग्रहाचं निमंत्रण तयार असायचं. सगळ्यांत घाईचं काम मयतीचं. फोनवर फोटो यायचा, बहुतेकदा कुठल्या तरी लग्नातला, शेजारच्याचा खांदा कापून काढलेला. सुनंदा त्या माणसामागचा मंडप पुसून टाकायची, फोटोला हार घालायची, दोन बाजूंना दोन दिवे ठेवायची आणि खाली मजकूर लिहायची. थोड्याच वेळात तो संदेश गावभर फिरत असायचा.

लग्न तिचंही झालं होतं, पांढुर्ण्याच्या तुषार कळंबेशी. तिचे वडील दादाजी घोरसे तहसील कचेरीत बाबू होते, त्यांनीच स्थळ पाहिलं. तुषार तेव्हा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. हसरा, गप्पिष्ट, एका जागी न बसणारा. दोन-अडीच वर्षं संसार झाला. मग जिनिंगचं काम सुटलं आणि तो कोणाच्या तरी ओळखीनं सुरतला लूमवर गेला. आधी दर आठवड्याला फोन यायचा, मग सणाला, मग तोही नाही. त्यानं तिकडे दुसरं घर केलं असं कधी कोणी सांगितलं नाही. भांडणही झालं नव्हतं. तो फक्त परत आला नाही. सुनंदा वर्षभर सासूजवळ राहून वाट पाहत होती. शेवटी दादाजी स्वतः जाऊन लेकीला सौंसरला घेऊन आले. तिनं टायपिंग शिकून घेतलं, मग कंप्युटर. दादाजी वारले, भाऊ गौतम बायकापोरांना घेऊन नागपूरला राहायला गेला, आणि सुनंदा दुकानामागच्या खोलीत आली. सोडचिठ्ठीसाठी ती कोर्टात गेली नाही. सुरुवातीला तो येईल म्हणून गेली नाही, नंतर कशासाठी जायचं ते कळेना म्हणून.

पांढुर्णा जिल्हा झाला त्याच्या पुढच्या वर्षी अपर्णा ढोबळे नावाच्या बाई दुकानात आल्या. त्या पांढुर्ण्याच्या कॉलेजात मराठी शिकवायच्या आणि राहायला सौंसरला होत्या. त्यांना एम.ए.चा अभ्यासक्रम टाइप करून हवा होता. टाइप करता करता सुनंदा एका ओळीवर थांबली. पेपरचं नाव होतं, ‘प्रसारमाध्यमे आणि समाजमाध्यमे : गद्यलेखनाचे प्रकार’. त्याखाली बातमी, अग्रलेख, जाहिरात, ब्लॉग, फेसबुकवरचं लेखन, व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश, अशी यादी होती. हे सगळं शिकायचं असतं, असं तिला कधी वाटलंच नव्हतं. अपर्णामॅडमनी सांगितलं की माणूस जिथं म्हणून सलग वाक्यं लिहितो तिथं गद्य असतं, मग ते पुस्तकात असो की फोनवर. आणि आता लोक जेवढं लिहितात तेवढं आधी कधी लिहीत नव्हते.

सुनंदानं छापलेले कागद त्यांच्या हातात दिले आणि वयाची काही अट असते का ते विचारलं. बी.ए. तिचं लग्नाआधीच झालं होतं.

त्या जुलैपासून आठवड्यातले काही दिवस दुकानाचं शटर दुपारपर्यंत बंद राहू लागलं. सुनंदा सकाळची बस धरून मोहगाववरून पांढुर्ण्याला जायची. वर्गात मोजकीच मुलं, सगळी विशी-बाविशीची. ती तिला ताई म्हणायची, डबा खाताना जागा करून द्यायची, आणि मग आपसात बोलू लागायची. ती शेवटच्या बाकावर खिडकीशी बसायची. पांढुर्ण्यात कळंबे यांचं घर कुठं आहे ते तिला ठाऊक होतं. बस त्या बाजूनं जात नव्हती, आणि तीही कधी त्या बाजूला गेली नाही.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकानं माध्यमांतला एक गद्यप्रकार घेऊन त्याचा अभ्यास करायचा होता. एकानं क्रिकेटचं समालोचन घेतलं, एका मुलीनं रेसिपीच्या व्हिडिओंखालचं लिखाण. वैभवनं, ज्याच्या घरी संत्र्याचा बगीचा होता, व्यापारी रोज भाव कळवायला पाठवतात ते संदेश घेतले. सुनंदानं श्रद्धांजलीचे संदेश घेतले. मुलं जराशी हसली, पण मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, का? सुनंदा म्हणाली की तिच्याकडे ते खूप आहेत.

आणि खरोखरच खूप होते. इतकी वर्षं तिनं ते लिहिले होते, पण वाचले आता. वाचताना तिला एकेक गोष्ट दिसू लागली. मेलेल्या माणसाबद्दल त्यात एकच ओळ असायची. ते शांत, मनमिळाऊ, धार्मिक स्वभावाचे होते. बाकीच्या सगळ्या ओळी मागे राहिलेल्यांच्या: त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलं, सुना, नातवंडं असा परिवार आहे. पुरुष गेला तर त्याचं नाव पहिल्या ओळीत; बाई गेली तर आधी अमक्याच्या मातोश्री, तमक्याच्या पत्नी, आणि तिचं नाव शोधत जावं लागायचं. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला माणूस ‘अल्पशा आजाराने’ जायचा. आणि ज्यांनी घरात, शेतात, बाजारात जन्मभर मराठीशिवाय दुसरा शब्द काढला नाही, त्यांच्यातले कितीतरी हिंदीत मेले होते: ‘अत्यंत दुःख के साथ सूचित किया जाता है’. असं का, विचारलं तर घरचे म्हणायचे, हिंदीत लिहिलं की कसं भारी वाटते.

तिनं वर्गात हे वाचून दाखवलं तेव्हा कोणी हसलं नाही. मॅडम म्हणाल्या, “सुनंदाताई, हे जसं बोलल्या तसंच लिहा.” पण अभ्यासाचा दुसरा भाग तिला अवघड जात होता. संदेशाखाली लोक जी उत्तरं टाकतात, त्यांचं काय करायचं? तिथं तर एकच शब्दजोडी होती, भावपूर्ण श्रद्धांजली, आणि जोडलेले हात. एकानं टाकलं की खाली रांग लागायची. बरेच जण वरचंच उचलून चिकटवायचे, मागच्या मयतीतलं चुकीचं नावही कधी तसंच राहून जायचं. सुनंदानं त्यांच्यावर एक छोटं प्रकरण लिहिलं. त्यात तिनं म्हटलं की या लेखनात मजकूर नाही, भावना नाही, हे लिहिणाऱ्यानं न लिहिता लिहिलेलं गद्य आहे. वाक्य तिला आवडलं होतं. मॅडमनाही आवडलं.

संध्याकाळी ती शटर अर्धं खाली ओढून आत यायची, वरणभाताचा कुकर लावायची आणि खाटेवर बसून फोन उघडायची. गिऱ्हाइकांनी तिला कितीतरी ग्रुपांत घालून ठेवलं होतं. कोणाच्या लग्नासाठी केलेला ग्रुप लग्न होऊनही तसाच चालू असायचा. कोणाच्या घरी बाळ झालं, कोणाची बदली झाली, कोणाची म्हैस हरवली, तिला सगळं कळायचं. वाचता वाचता जेवण व्हायचं. कधी कधी कुकरची शिट्टी ऐकू आली नाही म्हणून भात करपायचा, आणि तोच ती खायची.

डिसेंबरात एका दुपारी दुकानात वाढदिवसाच्या बॅनरचं गिऱ्हाईक बसलं होतं. नेत्याच्या फोटोच्या कडेनं कोणाकोणाचे गोल फोटो लावायचे ते तो सांगत होता. तेवढ्यात सुनंदाच्या फोनवर पंकजसरांचा निरोप आला. पंकजसर सौंसरच्याच एका शाळेत शिकवायचे आणि शाळेची पत्रकं नेहमी तिच्याकडूनच करून घ्यायचे. निरोपात एक फोटो होता आणि खाली हातानं लिहिलेल्या मजकुराचा फोटो. साडूच्या घरी मयत झाली आहे, ग्रुपवर टाकायला आणि बॅनरला लवकर करून द्या, असं त्यांनी कळवलं होतं.

सुनंदानं सवयीनं आधी मजकूर उघडला. ‘तुषार कळंबे, रा. पांढुर्णा, यांचे सुरत येथे हृदयविकाराच्या झटक्याने दुःखद निधन झाले. ते शांत व मनमिळाऊ स्वभावाचे होते. त्यांच्या पश्चात आई, भाऊ, वहिनी, पुतणी असा परिवार आहे.’

मग तिनं फोटो उघडला. कुठल्या तरी कारखान्याच्या फाटकापाशी उभा असलेला, केस विरळ झालेला, पोट सुटलेला एक माणूस होता. रस्त्यात भेटला असता तर तिनं ओळखलं नसतं. तिनं चेहरा मोठा करून पाहिला. हसताना डाव्या बाजूला ओढला जाणारा ओठ तेवढा तिच्या माहितीतला होता.

समोरच्या गिऱ्हाइकानं विचारलं, काय झालं ताई? ती म्हणाली, अर्जंट काम आलं. पण तिनं आधी त्याचंच बॅनर पुरं केलं. गोल फोटो लावले, नावं तपासून घेतली, पेनड्राइव्हवर घालून दिलं. तो गेल्यावर तिनं तुषारचा फोटो कंप्युटरवर घेतला आणि त्याच्यामागचं कारखान्याचं फाटक पुसायला सुरुवात केली.

हार घालून झाला, दिवे ठेवून झाले. अंत्ययात्रेची वेळ मजकुरात नव्हती. तिनं पंकजसरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं की गाडी सुरतहून निघाली आहे, सकाळपर्यंत पोचेल, माती सकाळीच करायची आहे. नऊची वेळ टाका. तिनं ते टिपून घेतलं. मग विचारलं, “परिवारात पत्नी नाही लिहिली सर.”

“नाही न. मांगं कधी लग्न झालं होतं म्हणतात,” पंकजसर म्हणाले. “पण ते बाई सोडून गेली. माझं लग्न व्हायच्या पहिलेची गोष्ट आहे, मले काही जास्त माहीत नाही.”

“सोडून नाही गेली सर,” सुनंदा म्हणाली. “ते मीच आहो.”

मग पंकजसर चाचरत म्हणाले की त्यांना खरंच माहीत नव्हतं, आणि आपण मागून फोन करतो असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. सुनंदा खुर्चीत बसून राहिली. तुषार गेला हे तिला अजून नीट कळलं नव्हतं. ‘सोडून गेली’ हेच कानात बसलं होतं. इतकी वर्षं त्या घरात तिच्याबद्दल हे एकच वाक्य बोललं जात होतं, आणि कोणी काही वेगळं सांगत नव्हतं म्हणून तेच खरं झालं होतं.

थोड्या वेळानं हेमंतचा फोन आला. हेमंत म्हणजे तुषारचा धाकटा भाऊ, पंकजसरांचा साडू. ती त्या घरातून निघाली तेव्हा तो कॉलेजात होता.

“वहिनी, हेमंत बोलून राहिलो,” तो म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. “मले काहीच सुचत नव्हतं. जसं सुचलं तसं लिहून देलं. तुमचं नाव टाकायचं असन तं टाका. आमची काही ना नाही.”

वहिनी हा शब्द तिनं किती तरी वर्षांनी ऐकला. गौतम तिला ताई म्हणायचा, गिऱ्हाइकं ताई म्हणायची, मुलं ताई म्हणायची. तिनं आई कशी आहे ते विचारलं. हेमंत म्हणाला, बसून आहे, रडत पण नाही. बरं, म्हणून तिनं फोन ठेवला.

पडद्यावर ‘आई,’ या शब्दापुढे कर्सर लुकलुकत होता. सुनंदानं टाइप केलं, ‘पत्नी सुनंदा’. मग खुर्ची मागे सरकवून ती ओळ वाचली. ओळ अगदी बरोबर दिसत होती, हजार वेळा लिहिलेल्या ओळींसारखी. लोक वाचतील आणि म्हणतील, अरे, बायको होती का त्याला. कोणी म्हणेल, हो, सौंसरची बॅनरवाली. सोडून गेली हे वाक्य त्या एका शब्दानं पुसलं जाईल, असंही तिला वाटून गेलं. पण पश्चात म्हणजे त्याच्या मागं राहिलेली. त्याच्या मागं तर ती तो जिवंत असतानाच राहिली होती, तेव्हा कोणी ते लिहिलं नव्हतं. आता तो गेल्यावर पुन्हा एकदा मागं राहिलेल्यांत जाऊन उभं राहायचं तिच्या जिवावर आलं. तिनं दोन्ही शब्द काढून टाकले. मजकूर हेमंतनं लिहिला तसाच ठेवला आणि पाठवून दिला.

चहा करायला ती आत गेली. परत येते तोवर तिनंच केलेला तो संदेश ग्रुपांवरून फिरत तिच्याच फोनवर आला होता, आणि त्याखाली रांग सुरू झाली होती.

सकाळी ती नेहमीच्या आधीच्या बसमध्ये बसली. कंडक्टरनं, आज कॉलेज लवकर आहे का, असं विचारून तिकीट दिलं. बाहेर कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, बगीच्यांच्या तोंडाशी संत्र्याचे क्रेट रचून ट्रकची वाट पाहत माणसं शेकत बसली होती. आपण का जात आहोत हे तिनं स्वतःला नीट विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित ती मोहगावलाच उतरली असती.

गल्लीच्या तोंडाशी बॅनर लागलं होतं. घरासमोर माणसं उभी होती, सुरतची गाडी नुकतीच येऊन गेली होती. बायकांनी तिला वाट दिली. कोण आहे हे दोघी-चौघींनीच ओळखलं असावं. तुषारला ओसरीवर ठेवलं होतं. तिला वाटलं होतं की त्याला पाहून राग येईल, निदान काहीतरी विचारावंसं वाटेल. पण तिला एवढंच दिसलं की त्याचा चेहरा त्याच्या वडिलांसारखा झाला होता. भिंतीवरच्या फोटोत होता तसाच. तिनं त्याच्या पायांवर फूल ठेवलं आणि बाजूला झाली.

सासू, कलाबाई, भिंतीला टेकून बसली होती. म्हातारी पार सुकली होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, “आली का.” जणू सुनंदा बाजारात जाऊन आली होती. सुनंदा तिच्याजवळ खाली बसली. मग माणसं त्याला घेऊन गेली, बायका रडल्या, आणि घर हळूहळू रिकामं झालं.

दुपारी हेमंत मोक्षधामातून परत आला, आंघोळ करून आडवा झाला. त्याचा फोन कोनाड्यात ठेवलेला होता आणि सारखा वाजत होता. कलाबाईनं विचारलं, काय येऊन राहिलं त्याच्यात? सुनंदानं सांगितलं, लोकांनी श्रद्धांजली पाठवली आहे.

“वाच,” कलाबाई म्हणाली.

सुनंदा म्हणाली की सगळ्यांनी एकच लिहिलं आहे. “तरी वाच,” म्हातारी म्हणाली.

तिनं वाचायला सुरुवात केली. आधी वरचा संदेश वाचला. शांत व मनमिळाऊ स्वभावाचे होते, हे ऐकून कलाबाईनं डोळे उघडले. “शांत कोन? तुषार?” ती म्हणाली. “दोन घडी एका जागी बसला नाही कधी पोट्टा.” आणि तिच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं. मग सुनंदा खालची उत्तरं वाचू लागली. नाव घ्यायचं, मग भावपूर्ण श्रद्धांजली म्हणायचं. मग पुढचं नाव, आणि पुन्हा तेच. थोड्या वेळानं तिनं ते शब्द गाळून नुसती नावं घ्यायला सुरुवात केली, तर कलाबाईनं तिला थांबवलं. तो काय म्हणते ते पण सांग, म्हणाली. सुनंदा पुन्हा पूर्ण वाचू लागली.

प्रत्येक नावाला म्हातारी मान हलवत होती. हा तिगावचा, याच्या बापासंगं तुषारचे बाबा गाडी हाकत. हे मंगलाची पोरगी, लहानपणी इथंच खेळे. हा कोन? बरं, जिनिंगमधला, याले अजून याद आहे. एकेकानं दारात येऊन हात जोडावेत आणि पुढच्याला जागा करून द्यावी, तशी ती नावं येत होती, आणि म्हातारी प्रत्येकाला बसवून घेत होती. शब्द सगळ्यांचे तेच होते. पण दारात आलेला माणूस तरी दुसरं काय बोलतो? सुनंदाचा घसा कोरडा पडला, तिनं पाणी पिऊन पुढं वाचलं. हे न लिहिता लिहिलेलं गद्य आहे असं आपण लिहून ठेवलं आहे, हे आठवून तिला शरमल्यासारखं झालं. लिहिणाऱ्याच्या बाजूनंच तिनं ते पाहिलं होतं. कोणाला तरी ते ऐकायचं असतं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

संपल्यावर कलाबाईनं विचारलं, “वरच्या चिठ्ठीत घरचे कोन कोन आहेत?” सुनंदानं सांगितलं. आई, भाऊ, वहिनी, पुतणी.

“आन तू?”

“मी नाही टाकलं.”

“हेमंतनं नाही म्हटलं का?”

“नाही आई. ते टाक म्हणाले होते. मीच नाही टाकलं.”

कलाबाईनं पदरानं तोंड पुसलं. “मंग त्याची वाट पाहनारी मी एकटीच का त्याच्यात,” ती म्हणाली. “आपन दोघी होतो न.”

सुनंदानं स्वतःचा विचार केला होता आणि तो चुकीचा होता असं तिला तेव्हाही वाटलं नाही. पण ते नाव कोणाच्या तरी सोबतीलाही हवं असू शकतं, हे तिला सुचलं नव्हतं. तिनं म्हातारीचा हात हातात घेतला. जावेनं चहा आणून दिला, तो दोघींनी पिऊन घेतला.

संध्याकाळच्या बसमध्ये गर्दी होती. मोहगावनंतर बसायला जागा मिळाली. तिनं फोन पाहिला. दिवसभरात कामाचे निरोप आले होते, कोणाला पत्रिका हवी होती, कोणाच्या बॅनरमध्ये नाव चुकलं होतं. गौतमला तिनं सकाळीच कळवलं होतं. त्यानं, अरे बापरे, जपून जा, एवढं लिहिलं होतं. बाकी कोणाला ठाऊकच नव्हतं. ज्यांचं माणूस गेलं की सगळं गाव दोन शब्द पाठवतं, त्या लोकांत ती नव्हती. तिनंच आपलं नाव काढलं होतं, तेव्हा कोणाला दोष द्यायचा प्रश्न नव्हता. तरी पडद्याकडे ती पाहत राहिली. मग तिनं तुषारचा संदेश आलेला ग्रुप उघडला, सगळ्यांत खाली गेली आणि लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली. वरचं उचलून चिकटवलं नाही, एकेक अक्षर टाइप केलं. पाठवल्याबरोबर त्याच्या खाली दुसऱ्या कोणाचं तेच येऊन पडलं.

जानेवारीत तिनं ते छोटं प्रकरण काढून टाकून नवीन लिहिलं. त्यात तिनं म्हटलं की असे संदेश वाचण्यासाठी नसून वाचून दाखवण्यासाठी असतात, आणि त्यांतला खरा मजकूर म्हणजे खालचं नाव. अपर्णामॅडमना आधीचं वाक्य जास्त चांगलं वाटत होतं. ते का काढलं, असं त्यांनी विचारलं. सुनंदा म्हणाली, “एका घरी वाचून दाखवले मॅडम. ऐकताना ते वेगळे वाटले.” कोणाच्या घरी, हे मॅडमनी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. सांगण्यासारखी वेळ येईल असं तिला वाटलं होतं, पण घंटा झाली, मॅडम दुसऱ्या वर्गावर गेल्या. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी हिंदीतल्या संदेशांबद्दलच दोन-तीन प्रश्न विचारले, आणि चांगलं काम केलं म्हणून सांगितलं. मे महिन्यात निकाल लागला. ती पास झाली. मुलांनी ग्रुपवर अभिनंदनाची रांग लावली, तिनं प्रत्येकाला नाव घेऊन उत्तर दिलं.

कॉलेज संपल्यावर पांढुर्ण्याला जायला निमित्त उरलं नाही. तेरवीला ती गेली होती, नंतर कॉलेजच्या दिवसांत अधूनमधून कलाबाईजवळ बसून यायची. पण आपण आलो की जाऊ आत जाऊन हळू आवाजात फोनवर बोलते, हे तिच्या लक्षात आलं होतं. त्या घराला तिचं काय करायचं ते कळत नव्हतं, आणि तिलाही त्या घराचं. तिचं जाणं कमी झालं.

जूनमध्ये एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं. लग्नसराई आटोपली होती. हेमंतच्या नंबरावरून एक आवाजाचा निरोप आला. तिनं तो लावला. आधी नुसता पंख्याचा आवाज, भांडं सरकवल्याचा आवाज, आणि हेमंतच्या मुलीनं मागून सांगितलेलं, बोल आजी, सुरू आहे. मग कलाबाईचा श्वास, बराच वेळ.

“सुनंदा,” म्हातारी म्हणाली. “मी बोलून राहिली. काही काम नाही.”

पुढं काही नव्हतं. पंखा तेवढा ऐकू येत होता, आणि मग तोही थांबला.

सुनंदानं तो पुन्हा लावून ऐकला. मग उत्तर द्यायला बटण दाबून धरलं. पत्रिकेचा, बॅनरचा, कसलाही मजकूर तिला कधी अडला नव्हता; आता काय बोलावं ते सुचेना. बाहेरून छिंदवाड्याची बस हॉर्न वाजवत गेली, तोही आवाज त्यात गेला असेल.

“मी पण बसून आहो आई,” ती शेवटी म्हणाली, आणि बोट उचललं.